वर गेलेला आकडा

श्रावणातल्या सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी पहाटेपासून रांगा लागतात. पावसाळा सरला की लेणी पाहायला जगभरातून माणसे येऊ लागतात. इतक्या वेगवेगळ्या मुलखांतली माणसे एका गावात येऊन एकाच विहिरीचे, एकाच टाकीचे पाणी पितात, तेव्हा पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर वेळेवर पडली का आणि नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीनची ओटी टेस्ट केली तर पिवळा रंग येतो का, हे प्रश्न फक्त ग्रामपंचायतीचे राहत नाहीत. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य ही विद्याशाखा अशाच प्रश्नांतून जन्मली. पटकीच्या भीतीने युरोपातल्या राष्ट्रांनी १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आरोग्य परिषद भरवली. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत यात्रेकरूंबरोबर पटकी कशी पसरते यावर खल झाला. १८९७ ची व्हेनिसची परिषद तर सरळसरळ मुंबईमुळे भरली, कारण आदल्या वर्षी मुंबईत प्लेग आला होता आणि साऱ्या बंदरांना धास्ती पडली होती. त्याच सुमारास, १८९८ मध्ये लिव्हरपूलला आणि १८९९ मध्ये लंडनला, उष्ण कटिबंधातल्या रोगांचे शिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या. वसाहतींत जाणारे अधिकारी, व्यापारी आणि सैनिक जगावेत, हा त्यांचा पहिला हेतू होता. विषय आमच्या गावांचा, पण वर्ग तिकडे भरायचे. ही मांडणी सव्वाशे वर्षांनंतरही पुरती बदललेली नाही.

आज एखाद्या तरुण डॉक्टरने, परिचारिकेने किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याने या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले, तर त्याच्या डोळ्यांसमोर लंडन, बाल्टिमोर, अँटवर्प ही नावे आधी येतात. एमपीएच नावाची एक-दोन वर्षांची पदवी, तीन महिन्यांची पदविका, दोन-तीन आठवड्यांचे लघु अभ्यासक्रम असे नाना प्रकार आहेत. परदेशातल्या नामांकित संस्थेत एक वर्ष शिकायचे तर शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून तीस लाखांच्या पुढे सहज जातो. शिष्यवृत्त्या आहेत, पण मोजक्या. देशात कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य संस्था १९३२ पासून आहे. मुंबईत देवनारला १९५६ पासून लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे, जिथे आशिया-प्रशांत भागातले परदेशी विद्यार्थी शिकायला येतात, आणि त्याच परिसरातली टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही सार्वजनिक आरोग्याच्या पदव्या देते. पुण्याच्या विद्यापीठातही हा विषय शिकता येतो, आणि त्यासाठी डॉक्टरच असायला हवे असे नाही, ही गोष्ट अजून फार लोकांना ठाऊक नाही. पण मला मांडायचे आहे ते कुठली संस्था चांगली याच्या पलीकडचे. या शिक्षणाची खरी किंमत पदवी कुठून मिळाली यावर ठरत नाही. गावातल्या आजाराचा आकडा कोण मोजतो, कोण वाचतो आणि वाचून कोण निर्णय घेतो, यावर ती ठरते. आज मोजणारी एक, वाचणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसराच, असे झाले आहे. ही तोड सांधायची असेल, तर महाराष्ट्राला आणखी महागड्या पदव्यांपेक्षा तालुक्याच्या पातळीवर, मराठीत चालणारे, पुन्हा पुन्हा भरणारे लघु अभ्यासक्रम अधिक हवे आहेत.

यासाठी पुरावा लांब शोधायला नको. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई ज्या चौंडीत जन्मल्या, ते गाव जामखेड तालुक्यात आहे, आणि त्याच जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. दोघेही वेल्लोरचे पदवीधर. आधी त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले आणि तिथे त्यांच्या लक्षात आले की दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत. बरा करून पाठवलेला रोगी पुन्हा त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जातो. हा प्रश्न घेऊन ते अमेरिकेत गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्य शिकले. टेलर यांची पार्श्वभूमीही सांगण्याजोगी आहे. त्यांचा जन्म मसुरीजवळचा, आणि जॉन्स हॉपकिन्सचा आंतरराष्ट्रीय आरोग्य विभाग उभा करतानाच त्यांनी पंजाबमधल्या नारंगवाल गावात अनेक वर्षे संशोधन चालवले होते. म्हणजे बाल्टिमोरच्या वर्गात जे शिकवले जात होते, त्यातला मोठा भाग हिंदुस्थानी खेड्यांतूनच तिकडे गेलेला होता. आरोळे दांपत्याने ते ज्ञान त्याच्या मूळ गावी परत आणले, एवढेच म्हणणे जास्त खरे ठरेल.

जामखेडमध्ये त्यांनी केलेली गोष्ट सांगायला सोपी आणि करायला फार अवघड होती. गावाने निवडलेल्या बायका, बहुतेक निरक्षर, त्यांतल्या अनेकजणी दलित, या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, एखादा नवा विषय शिकत आणि परत जात. हे एकदाच घेतलेले प्रशिक्षण नव्हते. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे ते चालू राहिले. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईची जोखीम कशी ओळखायची, कुष्ठरोग्याला वाळीत का टाकायचे नाही, इथपासून ते गावात कोण जन्मले, कोण गेले आणि का गेले, इथपर्यंत सगळे त्या सांगू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या लोकाधारित प्रयोगांचे जे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा निघाला, त्यामागे अशाच प्रयोगांचे बळ होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी तिथे येऊ लागले. त्या वर्गात शिकवायला डॉक्टरांबरोबर गावच्या कार्यकर्त्याही बसतात. वेरूळपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर जग ज्या वर्गात शिकायला येते, त्या वर्गाकडे मराठवाड्यातला विद्यार्थी पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इथे एक रास्त शंका निघते. जामखेडची कीर्ती मोठी, पण पुरावा किती पक्का? अशा कामांच्या कथा त्यांचे चाहतेच सांगतात आणि सांगता सांगता त्या वाढतात. याचे उत्तर शोधणारा एक अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. संशोधकांनी प्रकल्पातली गावे आणि आजूबाजूची प्रकल्पाबाहेरची गावे यांची तुलना केली, शिक्षण, जात, सांपत्तिक स्थिती यांचा हिशेब धरला आणि निष्कर्ष काढला की पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. हा फरक मुख्यतः पहिला महिना ओलांडलेल्या मुलांमध्ये दिसला. प्रकल्प सुरू झाल्यापासून बालमृत्यू किती उतरले याचे जे आकडे सांगितले जातात, त्यांच्या शेजारी हे ३० टक्के लहान दिसतात. पण ते जास्त मोलाचे आहेत. त्या चाळीस वर्षांत बाहेरच्या गावांतही लसी आल्या, रस्ते झाले, मुली शिकल्या, आणि तिथलेही मृत्यू घटले. सर्वांनाच मिळालेली सुधारणा वजा करून उरलेले श्रेय कामाचे, हा विचार तुलना गटाशिवाय करता येत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मिळणारे खरे शिक्षण ते हेच. आपल्या आवडत्या कामाविषयीसुद्धा हा प्रश्न विचारण्याची शिस्त लागावी लागते, आणि ती आपोआप लागत नाही.

पहिल्या महिन्यातले मृत्यू जिथे अडून राहिले होते, तिथे दुसऱ्या एका मराठी प्रयोगाने वाट काढली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सला शिकले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. १९८९ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी मांडली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर जगभरच्या आरोग्य कार्यक्रमांना बाई दिसायची ती गरोदर असताना किंवा कुटुंब नियोजनासाठी. दोन खेड्यांतल्या मोजणीने ती नजर बदलायला भाग पाडले. पुढे नवजात बाळांसाठी त्यांनी ३९ गावांत घरी जाऊन सेवा देणारी पद्धत बसवली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाला ऊब देणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, हे त्यांनी शिकून घेतले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सेवा असलेल्या गावांत हजार जन्मांमागे ६२ वर असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला आणि तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येऊन बाळ पाहते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मूळ इथे आहे.

आता कुणी म्हणेल की आरोळे आणि बंग या दोन्ही जोडप्यांनी शिक्षण तर परदेशातच घेतले, मग तालुक्याच्या लघु अभ्यासक्रमाची वकिली कशासाठी? आक्षेप बरोबर दिशेने आहे, पण अर्धा आहे. परदेशी शिक्षणाने त्यांना हत्यारे दिली हे मी नाकारत नाही. नमुना कसा निवडायचा, तुलना गट कसा ठेवायचा, आकडा कसा तपासायचा, हे तिथे पक्के झाले. मात्र प्रश्न ते इथून घेऊन गेले होते आणि उत्तर इथे परतूनच शोधले. जो विद्यार्थी प्रश्नाशिवाय जातो, तो बहुधा तिथलेच प्रश्न घेऊन परततो, किंवा परततच नाही. म्हणून ज्याला जाता येईल त्याने जरूर जावे, पण आधी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्ष-दोन वर्षे घालवून, एक तरी न सुटलेला प्रश्न सोबत घेऊन जावे. आणि ज्याला जाता येणार नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आरोग्य संशोधनाचे मूलभूत धडे ऑनलाइन देते. हत्यारे आता समुद्रापार राहिलेली नाहीत.

आकड्याला प्रश्न विचारणे म्हणजे काय, याचे एक ताजे उदाहरण देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय दिसला आणि पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो ५४.२ टक्क्यांवर गेला. बातमी एवढीच आली की रक्तक्षय वाढला. पण ही तपासणी बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर झाली होती आणि शिरेतून काढलेल्या रक्ताशी ती नेहमी जुळत नाही, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळून वेगळ्या पाहणीत शिरेतले रक्त घेण्याचे ठरले. हा वाद कुणाला किचकट वाटेल. मात्र शाळेत लोहाच्या गोळ्या वाटणारी सेविका, गोळी घेऊन पोट दुखते म्हणणारी मुलगी आणि तिची आई यांच्यासाठी तो अगदी घरचा आहे, कारण गोळ्या किती आणि कुणाला, हे त्याच आकड्यावर ठरते.

बीडचे उदाहरण याहून जवळचे आणि जास्त वेदनेचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जातात, हे गावोगाव माहीत होते. उचल घेतलेली, मुकादमाशी कोयत्याचा करार झालेला, एक दिवस खाडा झाला तर दंड, अंगावरून पाणी जाते, पोट दुखते, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. प्रत्येक वस्तीत अशा चार-दोन बायका होत्या. माहिती होती, आकडा नव्हता. २०१९ मध्ये बातम्या आल्यानंतर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशपातळीवर त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. या दोन आकड्यांची तुलना करताना स्त्रियांची वये जुळतात का हे पाहायलाच हवे, पण वयाचा हिशेब कितीही केला तरी एवढे अंतर पुसले जाईल असे मला वाटत नाही. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले ते त्यानंतर. आशाताईच्या नोंदवहीत प्रत्येक घरातली बाई आधीपासून होती. तिला तो तक्ता मांडता आला असता, शेजारच्या गावाशी ताडून पाहता आला असता आणि तिचे ऐकणारे कुणी असते, तर हा आकडा कितीतरी वर्षे आधी समोर येऊ शकला असता.

नेमका इथेच माझा आग्रह आहे. आशा, आरोग्य सेविका, अंगणवाडी ताई दर महिन्याला रकाने भरतात. आकडे उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्या-मुंबईला, दिल्लीला जातात. तिथे पदवीधर त्यांचे आलेख काढतात. वर गेलेला आकडा अर्थ होऊन खाली येत नाही, आला तर उद्दिष्ट होऊन येतो. म्हणून तालुक्यातच, मराठीत शिकवा म्हटले की पहिला आक्षेप भाषेचा घेतला जातो: साथरोगशास्त्र मराठीत शिकवायचे तर शब्द कुठून आणणार, पुस्तके कुठून आणणार? याला महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंवरचा अहवाल २००१ मध्ये मराठीतच निघाला. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव जन्म-मृत्यू मोजले आणि सरकारी नोंदींत दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त मुले मरतात हे दाखवले. त्यानंतर राज्याला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. ज्या भाषेत ही मोजणी होऊ शकली, वाद होऊ शकला, त्या भाषेत ती शिकवताही येते. दर, प्रमाण, तुलना गट, योगायोग, हे शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजी पुढे लागेल, शोधनिबंध वाचायला तर लागेलच, पण इंग्रजी येईपर्यंत विचार थांबवून ठेवायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप लघु अभ्यासक्रमांवर आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. दोन आठवड्यांत काय शिकणार? अर्धवट ज्ञान घेऊन लोक आपल्याला तज्ज्ञ समजू लागतील. हॉटेलच्या सभागृहात भरणारी, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो देणारी प्रशिक्षणे पाहिली की हा आक्षेप खोडणे कठीण जाते. पण जामखेडचा धडा असा की एका बैठकीची लांबी महत्त्वाची नव्हती. बाई गावात जाऊन करून बघायची, चुकायची, पुढच्या आठवड्यात ती चूक घेऊन परत यायची. दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम वर्षभरात दोन-दोन दिवसांच्या हप्त्यांत वाटला, आणि मधल्या काळात प्रत्येकाला आपल्याच गावचा एक आकडा शोधायला लावला, तर तेवढेच तास कितीतरी खोल जातात.

तिसरा आक्षेप असा की अशी माणसे आणि अशा संस्था अपवाद आहेत, आणि सरकारी चौकटीत शिरताच त्यांचे पाणी पातळ होते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. गडचिरोलीची आरोग्यदूत जंतुदोष झालेल्या बाळाला इंजेक्शन देत होती. देशभरच्या कार्यक्रमात आशाताईचे काम बहुतांशी भेट, तपासणी आणि रुग्णालयात पाठवणे एवढ्यावर आले. शिवाय एमपीएच झालेल्यांना नोकऱ्या कुठे आहेत, हाही प्रश्न आहे. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय आणि १९३९ पासूनचा कायदा आहे, आणि केंद्राने २०२२ मध्ये सर्व राज्यांनी स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य संवर्ग उभारावा म्हणून मार्गदर्शन दिले, पण शिकलेल्याला कायम जागा नसेल तर तो शहरातल्या सल्लागार कंपनीकडे जाणारच. हे मान्य करूनही मी म्हणेन की खालच्या पातळीवर आकडा वाचणारी माणसे नसली, तर वरचा संवर्ग नेमूनही भागणार नाही. जिल्ह्याचा साथरोगतज्ज्ञ साथ आल्यावर पोहोचतो. त्याआधी आठवडाभर गावात जुलाब वाढलेत हे कुणाच्या तरी लक्षात यावे लागते.

वेरूळला असा अभ्यासक्रम सुरू करायला इमारत लागणार नाही. खुलताबाद तालुक्यातल्या वीस-पंचवीस जणी आणि जण, आशा, सेविका, जलसुरक्षक, एखादा वैद्यकीय अधिकारी, पदव्युत्तर शिक्षण घेणारे दोन-तीन विद्यार्थी, आणि जमल्यास जामखेडहून शिकवायला आलेली एखादी कार्यकर्ती. आषाढात त्यांनी गावातली पाण्याची सगळी ठिकाणे नकाशावर मांडावीत आणि गेल्या वर्षीच्या जुलाबाच्या नोंदी आठवड्यांप्रमाणे लिहून काढाव्यात. श्रावणात, विशेषतः सोमवारी, टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाच जागी ओटी टेस्ट करून क्लोरीन किती उरले ते रोज लिहावे, आणि यात्रा नसलेल्या शेजारच्या एका गावातही तेच करावे. दोन्ही गावांचे तक्ते शेजारी ठेवून वाद घालावा, की जुलाब वाढले ते गर्दीने, पावसाने, की त्या आठवड्यात पावडरच पडली नाही म्हणून. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो तक्ता, ज्या आशाताईने नोंदी केल्या तिनेच उभे राहून वाचून दाखवावा, आणि सरपंचांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही तिनेच द्यावे.